नेहमीचं

बाई वैतागल्या की आधी चष्मा कपाळावर चढायचा आणि मग आवाज. आज चष्मा चढून दहा मिनिटं झाली होती.

"अगं, तीन आठवडे झाले! तीन आठवड्यांत एकदा तरी हे दार उघडायला हवं होतं की नाही?"

दार खोलीचं नव्हे. हृदयाच्या पेशीच्या पातळ आवरणात बारीक बारीक दारं असतात, त्यांतून सोडियम, पोटॅशियम आतबाहेर करतात म्हणून ठोका पडतो. शास्त्रात त्यांना आयन चॅनेल म्हणतात, बाई मात्र दारच म्हणायच्या. त्यांतलं पोटॅशियमचं एक दार दोन ठोक्यांच्या मध्ये आपलं आपण उघडतं, असं बाईंनी अकरा वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यावर सहा निबंध छापून आले, नाव झालं. घरी मात्र सासूबाईंचं पालुपद कायम, "एवढी हृदयाची पंडित, आणि माझी साधी नाडी बघता येत नाही हिला."

आता सातव्या निबंधाच्या परीक्षकाने तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितलं होतं, आणि दार ढिम्म उघडत नव्हतं.

दोष कुणाचा, हे बाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. अकरा वर्षं द्रावणं बनवणारे नाना निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ही नवी तंत्रज्ञ आली. नाना होते तोवर दार उघडत होतं, ही आली आणि बंद पडलं. यात आणखी शोध तो कसला लावायचा? तिची नोकरी अजून कच्ची होती. 'सूचना नीट समजून न घेता काम करतात, कायम करू नये,' असं पत्र बाईंनी संचालकांच्या नावे लिहून ठेवलं होतं. आज दार उघडलं नाही तर चार वाजता ते वर जाणार होतं. हे त्यांनी तिला तोंडावर सांगितलंही होतं. मागून चहाड्या करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

ती सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता म्हणाली, "ओरडू नका मॅडम, पेशी सुटते."

केसाहून बारीक टोकाची काचेची नळी एका पेशीला चिकटवायची, नळीतलं द्रावण पेशीत उतरू द्यायचं, आणि श्वास रोखून बसायचं, असं ते काम. टेबलाला कोपर लागलं तरी सगळं मुसळ केरात.

"मी कशाला ओरडू?" बाई ओरडल्या, आणि पेशी सुटली.

तंत्रज्ञाने शांतपणे हातमोजे काढले. "नानांना फोन लावा. माझं पटत नाही, त्यांचं तरी पटेल. मी सगळं कागदाबरहुकूम करते."

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, बाईंच्याच अक्षरातला. शेवटची ओळ होती, 'आम्लता मारायला नेहमीचं हायड्रॉक्साइड, थेंब थेंब.'

बाईंनी फोन लावून टेबलापासून लांब, खिडकीत ठेवला. "नाना, तुम्ही वेगळं काय करत होता हो?"

"काही म्हणजे काही नाही, बाई. कागदात होतं तस्संच. एक थेंब इकडचा तिकडे नाही."

"शेवटी काय घालायचात, नाना?" तंत्रज्ञाने विचारलं.

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे कुठलं?"

"घ्या! नेहमीचं म्हणजे नेहमीचं. खालच्या फळीवरची मोठी पांढरी बाटली. सगळी इमारत तीच वापरते की!"

पांढरी बाटली सोडियम हायड्रॉक्साइडची होती. बाईंचं नेहमीचं म्हणजे पोटॅशियमचं, वरच्या फळीवरच्या छोट्या तपकिरी बाटलीतलं. ही मुलगी आली त्या पहिल्याच दिवशी तिने हाच प्रश्न विचारला होता, आणि "पोटॅशियमचं! हेसुद्धा सांगायचं का?" म्हणून बाई तिच्या अंगावर धावून गेल्या होत्या. अकरा वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला. तंत्रज्ञाने पांढऱ्या बाटलीतलं घालून नवं द्रावण केलं, नळी भरली, पेशी पकडली. पडद्यावरची रेघ टुणकन वर गेली. दार उघडलं होतं. तपकिरी बाटलीचं घातलं, बंद. पुन्हा पांढरं, उघडं.

म्हणजे ते आपलं आपण उघडत नव्हतंच. आत सोडियम शिरलं की उघडत होतं. सहा निबंधांत छातीठोकपणे लिहिलेलं 'आपलं आपण' साफ चूक होतं. बाईंना कुणावर तरी ओरडायचं होतं. नानांवर ओरडावं तर कागद स्वतःच्या हातचा, आणि हिच्यावर ओरडून तर तीन आठवडे झाले होते.

चार वाजले. त्यांनी पर्समधून पत्र काढलं आणि तिचं नाव खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. 'समजून न घेता' खोडून 'न लिहिता' केलं. मग ते तिच्यापुढे धरलं.

"हे आज वर जाईल. आणि ज्यांनी ते सहा निबंध छापले, त्यांना उद्या चूक कळवते. तू... तू मला माफ कर गं." बाईंना रडू फुटलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि हात टेबलाकडे गेले.

"मॅडम," ती सूक्ष्मदर्शकातूनच म्हणाली, "रडा हवं तेवढं, पण टेबलाला टेकू नका. पेशी सुटेल."