बुधवारी पेटलेली चूल

रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाताना कातळावर हसाजी आरेकरांचं घर लागतं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं, पूर्वापार तेलाचा घाणा चालवणारी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हा शनिवारचा विसावा, शब्बाथ, इतका कडक की शुक्रवारी सूर्य बुडाला की घाण्याचा बैलसुद्धा जागच्या जागी बसकण मारी. एकदा वार विसरून हसाजी शनिवारी सकाळी त्याला जुंपायला गेले, तर बैलाने त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे माफी मागून परत आले. खोटं वाटत असेल तर बैलाला विचारा. बैल आता नाही, पण गोठा आहे.

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत मात्र याच शब्बाथने त्यांच्या बायकोच्या, सेगुलाबाईंच्या, तोंडचं पाणी पळवलं. हसाजींच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गरम पेजच द्या, गार घास पोटात जाता कामा नये. सहा दिवस ठीक होतं. शनिवारी चूल पेटवायची नाही, आणि शुक्रवारी राखेत पुरून ठेवलेली पेज सकाळी कोमट, दुपारी गार. गार पोटाला चालेना, गरम धर्माला चालेना. म्हातारा दिवसभर नुसत्या पाण्यावर. तिसऱ्या शनिवारी ते न्हाणीच्या दारात कोसळले. शेजारची कुलसुम धावून आली. दोघींनी उचललं तर सुक्या झावळीएवढे हलके. अजून असे दोन शनिवार गेले तर त्यापुढच्या शुक्रवारी शब्बाथचा दिवा आपल्या एकटीसाठीच लावावा लागेल, हे सेगुलाबाईंना तेव्हाच कळलं.

त्या आठवड्यात रत्नागिरीच्या बाजारात एक सरकारी माणूस सूर्यचूल दाखवत होता. पत्र्याची पेटी, आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा. उन्हात भात शिजतो म्हणाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सेगुलाबाई हसल्या नाहीत. पेटी विकत घेऊन डोक्यावरूनच घरी आणली.

शुक्रवारी उन्हं असतानाच त्यांनी तांदूळ, पाणी, मीठ डब्यात घालून पेटी अंगणात मांडली. शब्बाथला तिला हलवायचं नाही, हे ठरलेलं. आरसा सूर्याकडे करा, असं त्या माणसाने सांगितलेलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी सूर्य होता समुद्रावर. झालं. शनिवारची सबंध सकाळ आरसा समुद्र बघत बसला आणि पेटी त्याच्या सावलीत. कुलसुम कुंपणाच्या गडग्यावरून म्हणाली, काकी, मी फिरवते की, मला कुठे शब्बाथ आहे? आतून हसाजींचा क्षीण आवाज आला, आपल्यासाठी दुसऱ्याने केलेलं ते आपणच केलेलं. दुपारी ऊन वळलं, पण ते अपुरं पडलं; संध्याकाळपर्यंत तांदूळ कचकचीतच राहिले, आणि हसाजी उपाशी.

पुढचा आठवडाभर सेगुलाबाईंनी दुसरं काम केलं नाही. घटकेघटकेला अंगणातल्या चिऱ्यांवर कोळशाने सावलीची रेघ मारायची. अंगण असं रेघाटलं की पोस्टमन वहाणा काढून चवड्यांवर चालत आला. शुक्रवारी त्यांनी पेटी ठेवली ती सूर्य जिथे नव्हताच तिथे तोंड करून, उद्या अकरा वाजता तो जिथे येईल तिथे.

शनिवारी दुपारी काचेवर वाफ धरली. पेज अशी खदखदत होती की आरशावर बसायला आलेला कावळा शेपूट भाजून थेट वारे गावात पोचला, असं कुलसुम शपथेवर सांगते.

वाडगा समोर आला तसा हसाजींनी हात मागे घेतला.

"ही आज शिजली."

"शिजली आज. पण चूल पेटली कधी?" सेगुलाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी लावलेला दिवा शब्बाथला जळत राहिला, तर तुम्ही विझवता?"

"नाही."

"देवाने सूर्य कितव्या दिवशी केला?"

"चौथ्या." हसाजींनी रविवारपासून बोटं मोजली. "बुधवारी."

"मग ही बुधवारची चूल, अहो. मी नुसता शेजारी डबा ठेवला. तोसुद्धा शुक्रवारी."

 तोरा हा सबंध धर्मग्रंथ हसाजींनी मनातल्या मनात उलटासुलटा चाळला असावा. सेगुलाबाईंचा जीव वाडग्याच्या काठावर. वाफ कमी होऊ लागली तशी त्यांनी वाडगा हळूच दोन बोटं पुढे सरकवला.

हसाजींनी डोळे मिटून प्रार्थना पुटपुटली, चमचा उचलला आणि पेजेवर फुंकर मारली. शनिवारी घासावर फुंकर मारायची वेळ त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. वाडगा रिकामा केला, बोटाने पुसून घेतला आणि जरा रागानेच म्हणाले,

"पुढच्या खेपेला दहाचं ऊन धर गं. दुपारपर्यंत कोण थांबतो? भूक लागते मला."