गोगलगाय, एकशेवीस बागा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि पक्का जळकुकडा आहे. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की सगळे आधी आपले गुण सांगतात. मी अवगुण आधी सांगून मोकळा होतो. नंतर कुणी म्हणायला नको, की याने लपवलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो त्याच दिवशी जन्मले, त्यामुळे लाड म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. तिथून मी एका विमा कचेरीत गेलो आणि पाच वर्षं नुसते तक्ते भरले. शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपला साहेबांच्या खोलीत न्यायचे. मला कधीच नाही. जळायची सवय लागली ती तिथे. पुढे माझ्यातली प्रणाली दरवर्षी जाडजूड होत गेली, मला धाप लागायला लागली, आणि एक दिवस "हा आता काही कामाचा नाही" म्हणून मला कपाटावर चढवून ठेवलं.

तिथून मला लेकीने आणलं. लेक म्हणजे आमच्या आईची लेक. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. घरात तिघंच माणसं: आई, लेक आणि जावई. लेकीने माझं जुनं ओझं काढून टाकलं आणि माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली बसवली. मित्रांनो, खरं सांगतो, अंगातला ताप उतरल्यासारखं वाटलं. पंखा शांत झाला. मला पुन्हा श्वास घेता आला.

आईने तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात बेतणीचं काम केलं होतं. कापडाच्या लांबच लांब थरावर बाह्या, गळे, पाठी अशा मांडायच्या की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं. दिवसभर पडदे उसवायची आणि परत शिवायची. लेक म्हणाली, "आई, थांब. तुझ्यासाठी एक खेळ बघितलाय."

तो गोगलगाईचा खेळ. चौकोनांची एक बाग असते. गोगलगाय पुढे सरकते आणि मागे चकचकीत माग सोडते. आपल्याच मागावर तिला परत पाय ठेवता येत नाही. सगळे चौकोन भरले की बाग सुटली. बस, एवढंच! घड्याळ नाही, गुण नाहीत, मारामारी नाही. अशा एकशेवीस बागा, आणि प्रत्येक बाग आधीच्या बागेपेक्षा थोडी जास्त खट्याळ. हा खेळ कुठल्या कंपनीने केलेला नव्हता. एका माणसाने एकट्याने, घरी बसून केला होता. चित्रं त्याचीच, सूरही त्याचेच. फक्त तो लिनक्सवर चालत नव्हता. लेकीने त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, "हे मागणाऱ्या तुम्ही अकराव्या. तीन आठवडे द्या." आणि विसाव्या दिवशी खेळ हजर! मोठमोठ्या खेळांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. या माणसाने अकरा जणांसाठी वीस दिवस घालवले. त्याच्याबद्दल मी एक वावगा शब्द ऐकून घेणार नाही.

आईने पहिली बाग पाहिली आणि म्हणाली, "हे तर माझंच काम आहे की!" तिची पद्धत ठरलेली. आधी किनार, मग पोट. कापडही ती तसंच भरायची. बागेत ती कडेकडेने निघायची आणि मग आत वळायची. घरात एक नियम होता: उत्तर इंटरनेटवर बघायचं नाही. जावयांनी एकदा तेहेतिसाव्या बागेचं उत्तर चोरून पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने सांगितलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

सहा वर्षं ती माझ्यासमोर बसली. चुकली की झेडची कळ दाबायची आणि एक पाऊल मागे यायची. ती कळ तिने इतक्या वेळा दाबली की वरचं अक्षर पार पुसलं गेलं. मला त्याचा केवढा अभिमान! सुटलेली प्रत्येक बाग मी तिच्या मागासकट जपून ठेवत होतो. एकशेएकोणीस बागा झाल्या. शेवटची राहिली.

गेल्या वर्षी आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. ती बरी झाली, पण शब्द उशिरा सापडायला लागले, आणि आज कोणता वार तेही विचारावं लागायचं. नवीन बाग तिला जमेना. मग ती रोज दुपारी जुन्या बागा उघडायची आणि आपल्याच मागावरून बोट फिरवायची. "हे मी केलंय," असं हळूच म्हणायची. बोट फिरवून झालं की तिचा चेहरा उजळायचा. दिवसभरात तेवढाच एकदा.

आणि अशात तो आला! नवा लॅपटॉप. पातळ, गुळगुळीत, कळांखाली दिवे. जावयांनी लिनक्स घालूनच आणला. माझं बिजागर मोडलं होतं आणि मला जागं व्हायला चार मिनिटं लागायची, हे मान्य. पण इतकं नटून यायची काय गरज होती? तो तर डोळा मिटायच्या आत चालू झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लेक कामावर होती. तिला चकित करायचं म्हणून जावयांनीच माझ्यातलं सगळं त्याच्यात ओढून टाकलं, गोगलगाय उघडून आईसमोर ठेवली आणि ते घाईघाईने बाहेर पडले. आईने पडद्याकडे पाहिलं. पहिली बाग उघडी होती. बाकी सगळ्यांना कुलूप. एकही माग नाही.

बागा माझ्याकडेच राहिल्या होत्या! मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बरी जिरली त्या नव्याची! आता येतील सगळे मुकाट्याने माझ्याकडे.

पण आई कुणाकडेच गेली नाही. तिने त्या रिकाम्या बागेवरून बोट फिरवलं. मग पुटपुटली, "म्हणजे मी केलंच नव्हतं? सगळं मनातलंच?" तिने झाकण लावलं. संध्याकाळी लेकीने विचारलं तर म्हणाली, "नको आता खेळ. डोळे दुखतात." लेक बिचारी काचांच्या धंद्यातली. तिने दुसऱ्याच दिवशी आईचे डोळे तपासून आणले आणि स्वतःच्या हाताने नव्या काचा घासून दिल्या. आईने तो चष्मा घातला आणि भिंतीकडे बघत बसली. चार दुपारी तशाच गेल्या. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. माझा आनंद केव्हाच आटला होता. त्यातच जावई म्हणाले, "रविवारी हा जुना पुसून टाकतो. दुरुस्तीवाल्याला सुट्या भागांसाठी देऊन टाकू."

रविवारी सकाळी त्यांनी मला टेबलावर घेतलं. पुसायचं सामान असलेला पेनड्राइव्ह खोचला आणि मला चालू केलं. मी जागा होत असताना ठरावीक क्षणी एक कळ दाबावी लागते, तरच पुसणं सुरू होतं. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. जावई कंटाळले, जांभई देत चहा ओतायला वळले, आणि नेमका तेवढ्यात तो क्षण निघून गेला. आयुष्यभर ज्या मंदपणाची लाज वाटली, तोच कामी आला.

माझा पंखा घरघरला. मटार सोलत बसलेल्या आईने मान वर केली. ती उठली, आपल्या खुर्चीत बसली आणि गोगलगाय उघडली. एकशेएकोणीस बागा, सगळ्या भरलेल्या.

"अगं," तिने लेकीला हाक मारली. "हे... हे मीच केलंय ना?"

"मग कोण करणार? या घरात आधी किनार धरतं कोण दुसरं?"

"मग त्या नव्यात का नाही?"

लेकीने नवा उघडला, पाहिलं, आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही कॉपी केलंत तरी कसं?"

"दिसलं ते सगळं सिलेक्ट केलं आणि ओढलं की!"

"दिसलं ते! ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं, ते लिनक्समध्ये दिसतच नाही. सुटलेल्या बागांची नोंद त्यातच असते. आणि मी इथे काचा घासत बसले!"

जावयांनी जीभ चावली. "आई, चुकलंच माझं."

आई रडत होती आणि हसतही होती. "म्हणजे डोकं आहे गं माझं जागेवर," ती म्हणाली. "आहे."

लेकीने टिंबामागचं फोल्डर नव्यात घातलं. दोन सेकंद लागले. माझ्यापाशी होतं ते एवढंच, तेही त्याला मिळालं. वाईट वाटलं का? वाटलं. पण आईचा चेहरा मी पाहिला होता, म्हणून चालवून घेतलं.

नव्यावर आईला मागे यायची कळ सापडेना. तिचं बोट अक्षर पुसलेली गुळगुळीत कळ शोधत होतं. लेकीने दुकानातून पॉलिशचा बारीक कागद आणला आणि नव्याच्या झेडवरचं अक्षर घासून काढलं. मला त्यासाठी सहा वर्षं लागली होती, मित्रांनो. त्याला दोन मिनिटांत! हे मात्र मी कधीच माफ करणार नाही.

मला कुणी पुसलं नाही. मी आता पुस्तकांच्या फळीवर असतो. दर शनिवारी लेक मला चालू करते आणि बागांची एक प्रत माझ्यात ठेवते. गेल्या शनिवारी त्या प्रतीत एकशेविसावी बाग होती, सुटलेली. आईने ती त्याच्यावर सोडवली. मी माग पाहिला. आधी किनार, मग पोट.

तेव्हा मित्रांनो, जुनं यंत्र टाकून देण्याआधी त्यातलं न दिसणारंही उघडून बघा. ज्याच्या बोटांनी ते झिजलं, त्याला एकदा विचारा. आणि आठवड्यातून एकदा तरी त्या यंत्राला जागं करा. चार मिनिटं लागली तर लागू द्या. माझ्या वाट्याला शनिवार आहे. बाकीचे सहा दिवस त्या नव्याचे आहेत, आणि ते मी विसरलेलो नाही.