अकरा आणि बारा तारखेचं पान

मी कारखान्याच्या फाटकावरची वही बोलतेय. येणाऱ्याचं नाव, काम, आत यायची वेळ, बाहेर जायची वेळ आणि सही, एवढाच माझा संसार. पण माझ्या वाटेला गेलेल्याला मी सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला सांभाळायचे वॉचमनकाका. मी नवी होते तेव्हा त्यांनी माझ्या पानापानावर क्रमांक घातले. दिवस संपला की ते शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवून रेघ मारायचे आणि सही करायचे. मग खुद्द मालकीणबाई आल्या तरी मध्ये एक अक्षर घुसवायची सोय नसायची.

कारखाना पंपांच्या रबरी सीलचा, माणसं चाळीस. मॅनेजर होता मालकीणबाईंचा भाचा. ऑफिसात रेंज नाही म्हणून तो फोनवर बोलायला आमच्या केबिनीत यायचा. एकदा त्यानं माझ्यावर चहाचा कप ठेवला. तो गोल डाग अजून आहे. आमचं तेव्हापासूनच बिनसलं.

एका मोठ्या गिऱ्हाइकानं गुणवत्तेचं प्रमाणपत्र मागितलं. भाच्याकडे दोन संस्थांची कोटेशनं आली. पहिलं चांगलं दोन पानी. कामगार किती, त्यावरून तपासणीचे दिवस किती, आधी कागदपत्रं, मग प्रत्यक्ष काम, पुढे दर वर्षी पाहणी, तीन वर्षांनी पुन्हा सगळं, प्रवासखर्च वेगळा. शिवाय या संस्थेला मान्यता देणाऱ्या वरच्या मंडळाचा क्रमांक. दुसरं एका ओळीचं. एकच रक्कम, पहिलीच्या निम्मीसुद्धा नाही, आणि प्रमाणपत्र घरपोच.

"एवढे दिवस करणार काय इथं? झोपा काढणार?" भाचा फोनवर हसला. "तुमचंच करू. कुणी यायची गरज नाही ना? झकास!"

प्रमाणपत्र आलं, सोनेरी काठाचं. त्यावर लिहिलं होतं की अकरा आणि बारा तारखेला दोन तपासनीसांनी कारखाना पाहिला. तेव्हा कुठं भाच्याला माझी आठवण झाली.

"काका, ही दोन नावं घाला अकरा-बाराला."

"कुठं घालू साहेब? अकराच्या खाली रेघ आहे. बाराला तर सुट्टी होती, फाटकाला कुलूप होतं."

"मग काय झालं? लिहा की!"

"आणि जे आत आलेच नाहीत, त्यांची बाहेर जायची वेळ काय लिहू?"

भाच्याचं डोकं सटकलं. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. मालकीणबाईंना सांगितलं की म्हाताऱ्यानं वही हरवली. मला नेऊन स्टोअरमधल्या रॅकच्या लंगड्या पायाखाली कोंबलं. मग नवी वही आणून, अकरा तारखेपासून स्वतःच्या हातानं सगळं लिहून काढलं.

चार महिने मी तिथं होते. वर पेट्यांचं ओझं, खाली ओल. त्याचं मला काही नाही. पण 'काकांनी वही हरवली म्हणे' हे रोज कामगारांच्या तोंडून ऐकायचं, याचा संताप यायचा. मी दातओठ खात पडून होते. बाकीची पानं चिकटली तरी चालतील, अकरा-बाराचं पान तेवढं जपायचं, असं मी ठरवलं होतं.

मग गिऱ्हाइकाकडून एक बाई तपासणीला आल्या. मालकीणबाई आणि भाचा त्यांच्याबरोबर होते. स्टोअरमध्ये माल बघता बघता म्हणाल्या, "मान्यता असलेल्यांच्या यादीत तुम्हाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नावच नाही."

"यादीचं सोडा मॅडम, ऑडिट खरंखुरं झालंय. ही बघा फाटकावरची वही."

"ही अकरापासूनच सुरू होते. आधीची?"

"ती वॉचमननं हरवली."

मालकीणबाईंनी मान डोलावली. तपासणीच्या बाई रॅककडे बघत राहिल्या, मग वाकल्या. "एवढ्या वजनाखाली वही? रॅक अंगावर येईल कुणाच्या! काढा आधी ती."

भाचा पांढराफटक पडला. दोघा कामगारांनी रॅक उचलला आणि मी बाहेर आले. बाईंच्या हातात मी नेमकी जपलेल्या पानावर उघडले. अकरा: पाण्याचा टँकर, कुरिअर, रेघ, सही. बारा: साप्ताहिक सुट्टी, फाटक बंद.

"म्हणजे कुलूप लावलेल्या फाटकातून दोघं आत येऊन गेले," बाई म्हणाल्या.

मालकीणबाईंनी काकांच्या सहीवर बोट ठेवलं. "ही हरवली होती ना रे?"

"मावशी, ऐकून तर घे..."

"उद्यापासून येऊ नकोस."

मला दया आली असेल, असं वाटतं तुम्हाला? छे! आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

ऑर्डर मात्र गेली ती गेलीच. मालकीणबाई स्वतः काकांच्या घरी गेल्या आणि हात जोडून त्यांना परत घेऊन आल्या. मीही पुन्हा फाटकावर आले. नंतर त्यांनी पहिल्या संस्थेला बोलावलं. दोन माणसं दोन दिवस आली, तशा माझ्यात चार नोंदी पडल्या. त्यांनी ढीगभर चुका काढल्या, पण खर्च कोटेशनात होता तेवढाच झाला. स्वस्तातले पैसे तेवढे पाण्यात गेले.

तुम्हीही प्रमाणपत्र घ्यायला निघाला असाल, तर किंमत ऐकून हुरळू नका. संस्थेला मान्यता कुणाची, किती माणसं किती दिवस येणार, पुढच्या वर्षांचा खर्च काय, हे विचारा. 'आमचं कुणी येणारच नाही' असं ते म्हणाले, तर फाटकावर माझ्यासारखी एखादी आहे, हे विसरू नका.

आता माझी पानं संपली. शेवटच्या पानावर भाच्याचं नाव आहे, पाहुणा म्हणून. तो सामान न्यायला आला होता. खोकं घेऊन तसाच निघाला, तेव्हा काका म्हणाले, "साहेब, सही." त्यानं मान खाली घालून सही केली. बाहेर जायची वेळ, चार वाजून दहा मिनिटं. मग काकांनी पट्टी ठेवली आणि खाली रेघ मारली.