पहिलाच पर्याय

गुरप्पांची पिठाची गिरणी सकाळी आठला सुरू झाली, की त्या घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. म्हणून सुधारानी आपले दहा प्रश्न आठच्या आत सोडवून टाकायची. मल्लेश्वरी भाकरी थापत असायची, आणि तिची ही एकुलती एक मुलगी मिठाच्या बरणीला फोन टेकवून उंबऱ्याशी बसलेली असायची.

सुधारानी बसवकल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गणित शिकवणाऱ्या पंचशीला मॅडम रोज सकाळी सरावाचे दहा प्रश्न ऑनलाइन टाकायच्या. प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर पर्यायावर बोट पडलं की हिरवं, चुकलं की लाल. शिवाय बारा मोठ्या चाचण्या होत्या. त्या प्रत्येकी एकदाच द्यायच्या, आणि त्यांत वर येणाऱ्या पाच जणांना मे महिन्यात कलबुर्गीच्या शिबिराला जायचं होतं. सुधारानीच्या सहा चाचण्या झाल्या होत्या आणि यादीत ती दुसरी होती.

"आज काय हाय?" मल्लेश्वरीनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली होती, आणि हा प्रश्न ती रोज विचारायची.

"अनंत मालिका, अव्वा. एकात अर्धं मिळवायचं, मग पाव, मग त्याच्या निम्मं. असं मिळवतच जायचं. बेरीज कुठवर जाती, ते सांगायचं."

"मिळवतच जायचं म्हणजे वाढतच जाणार की."

"न्हाई. दोनाच्या पुढं जातच न्हाई."

मल्लेश्वरीनं मनातल्या मनात भाकरीचे तुकडे करून पाहिले, आणि मुलगी म्हणते ते खरं आहे हे लक्षात आल्यावर तिला उगाच हसू आलं. दारात मोटारसायकल थांबली तसं ते हसू तिथंच राहिलं.

वीरेश आला होता. मल्लेश्वरीचा धाकटा भाऊ, हुमनाबादला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, वय पस्तीस. सुधारानीचा मामा, आणि तिचा होणारा नवरा.

ते ठरलं होतं सुधारानीच्या बारशाला. पाळणा हलवता हलवता मल्लेश्वरीच्या आईनं, चन्नम्मानं, सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं, "ही माझ्या वीरेशाची. दिलीस ना?" बाविशीच्या मल्लेश्वरीनं "दिली" म्हटलं होतं. वीरेश तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि अंगणात गोट्या खेळत होता. या भागात भाची मामाला देण्यात कुणालाच वावगं वाटत नाही. मुलगी परक्या घरी जात नाही, आजीच्याच घरी जाते, असं सांगतात. ज्या बसवकल्याणात नऊशे वर्षांपूर्वी शरण संतांनी बायकांना शेजारी बसवून त्यांचं म्हणणं ऐकलं, त्या गावात पाळण्यातल्या मुलीला कोण काय विचारणार? आणि ती मोठी झाल्यावर तरी कुणी विचारलं?

वीरेश वाईट माणूस म्हणून कुणाला माहीत नव्हता. येताना खाऊ आणायचा, मेहुण्याला मान द्यायचा. सुधारानीला फोन त्यानंच घेऊन दिला होता, आणि तो सुरू करून त्यातले पासवर्डही त्यानंच घालून दिले होते. त्या दिवशी चहा पिता पिता त्यानं तो फोन उचलला, यादी उघडली, आणि बराच वेळ वाचत बसला.

"पहिला नंबर बसवप्रभु. हा कोण?"

"वर्गात हाय," सुधारानी म्हणाली.

"आन् त्याच्या खाली तू."

"मार्कांवरून लागतंय ते, मामा."

"व्हय, मार्कांवरूनच," वीरेश म्हणाला आणि हसला. फोन त्यानं बरणीशी होता तसा नीट टेकवून ठेवला. "अक्का, अव्वा म्हणायली, शिबिर-बिबिर कशाला? त्याच्या आधीच तारीख धरू. सोमवारी गुरुपादय्या स्वामींना घेऊन येतो."

गिरणी सुरू झाली. सुधारानी काहीतरी म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडलं. बोट ठेवून दाखवावं असं काही नव्हतं. सुधारानी वेळेवर जेवत होती, कॉलेजला जात होती. पण वीरेशचे फोन दिवसातून चार-चार वेळा यायला लागले. आता कुठं हायस? दहा मिनटं झाली ऑनलाइन दिसायलीस, कुणाशी? सुधारानी एका शब्दात उत्तर द्यायची. मल्लेश्वरी दुपारी मागल्या दारी गेली की विहिरीच्या कठड्याशी मुलगी उभी दिसायची.

"इथं कामून उभारलीस?"

"असंच. गार लागतंय."

 मल्लेश्वरीला तिची थोरली बहीण आठवायची, नेत्रावती. नेत्रक्काला पंधराव्या वर्षी सख्ख्या मामाला दिलं होतं. पहिली दोन लेकरं वर्षाच्या आतच गेली. बिदरच्या डॉक्टरनं, नात्यातलं लग्न हेही कारण असू शकतं, असं सांगितलं होतं. घरात मात्र नेत्रक्काचीच कूस वाईट ठरली. सुधारानीच्या बारशाला ती कोपऱ्यात बसून होती. वर्षभरानं ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं चन्नम्मानं सगळ्यांना सांगितलं. जावई तिचा स्वतःचाच भाऊ होता. दुसरं काय सांगणार होती?

रविवारी शेजारी चंद्रम्माच्या घरी शेवया करायच्या होत्या. मायलेकी जेवून गेल्या आणि दिवस कलताना परतल्या. सुधारानीचे हात पिठाचे म्हणून तिचा फोन दुपारभर मल्लेश्वरीच्या पिशवीतच होता.

सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला पंचशीला मॅडमचा फोन आला. सुधारानी न्हाणीत होती.

"सुधारानीच्या आई बोलताव का? तिची तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय की. का, मॅडम?"

"काल दुपारी तिनं राहिलेल्या सहाच्या सहा चाचण्या देऊन टाकल्या. चौदा मिनटात. दीडशे प्रश्न, आन् प्रत्येकाला पहिलाच पर्याय. तिनं प्रश्न वाचलेलेच न्हाईत. यादीत ती आता शेवटी गेली. तिच्यावर कसलं दडपण हाय का, म्हणून विचारायले."

"काल किती वाजता?"

"अडीचला सुरू केलंय."

मल्लेश्वरीनं खाली बसून कालची पिशवी जवळ ओढली. अडीच वाजता फोन तिच्या स्वतःच्या पिशवीत होता. "मॅडम, तिनं दिल्या न्हाईत," ती म्हणाली. "तिच्या खात्याचा पासवर्ड अजून एकाला माहीत हाय."

सुधारानी केस पुसत बाहेर आली. आईनं सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. ती रडली नाही, आणि मल्लेश्वरीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मामाच हाय," ती म्हणाली. "परवा मला म्हणाला, नापास झालीस की आपोआप घरी बसशील, कुणी मला नावं ठेवणार न्हाई. तुला सांगणार होते. पण तू त्याला शब्द दिलायस." थोडं थांबून तिनं विचारलं, "अव्वा, मावशी खरंच पाय घसरून पडली होती?"

एकोणीस वर्षं मल्लेश्वरीनं हे उत्तर तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली होती. मला ठेवून घे म्हणाली. मी समजूत घालून परत पाठवलं."

सुधारानी आईजवळ बसली. आठ वाजले आणि गिरणी सुरू झाली. पिठाचा बारीक धुरळा दारातून आत येत होता. मल्लेश्वरी उठली, बाहेर गेली आणि तिनं नवऱ्याला गिरणी बंद करायला सांगितली. कामाच्या दिवशी ती गिरणी कधी बंद झाली नव्हती. गुरप्पांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि खटका ओढला.

दुपारी बारा वाजता मंडळी आली. चन्नम्मा, वीरेश आणि पंचांग घेतलेले गुरुपादय्या स्वामी. सतरंजीवर बसल्यावर स्वामींनी पंचांग उघडलं. मल्लेश्वरीनं पाणी दिलं आणि ती भावासमोर उभी राहिली.

"वीरेश, काल अडीच वाजता तू काय करायलतास?"

"दुकानात होतो."

"सुधारानीच्या सहा चाचण्या कुणी दिल्या?"

वीरेशनं एकदा आईकडं बघितलं. मग सरळ म्हणाला, "मीच दिल्या. तिच्या चांगल्यासाठीच दिल्या, अक्का. कलबुर्गीला गेली, अजून शिकली, तर ती माझ्यापाशी राहणार हाय का? मी बारावी नापास माणूस. वीस वर्षं मी थांबलोय. मला चार पोरी सांगून आल्या, मी न्हाई म्हणलो. ते काय फुकट?"

ते ऐकून मल्लेश्वरीला क्षणभर त्याची कीव आली. त्यालाही पंधराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं. पण त्यानं ज्या शांतपणे दीडशे वेळा बोट दाबलं असेल, ते तिला दिसलं, आणि त्या घरात आपल्या मुलीचे दिवस कसे जातील तेही दिसलं.

"शब्द मी दिला होता," ती म्हणाली. "मीच मागं घ्यायले. लग्न होणार न्हाई."

"पोरीचं ऐकून आईला तोंडघशी पाडायलीस?" चन्नम्मा म्हणाली. "आज मागं फिरलीस तर माझं दार तुला बंद. मी मेले तरी यायचं न्हाई."

"अव्वा, नेत्रक्काला दार उघडं होतं. ती आली, आन् तू तिला परत पाठवलीस. मी पण पाठवलं. आपण दोघींनी मिळून तिला मारलंय."

 वीरेश मेहुण्याकडं वळला. "भावजी, तुम्ही तरी बोला."

गुरप्पा दारात उभे होते, भुवयांवर अजून सकाळचं पीठ. ते कमी बोलणारे गृहस्थ. "पोरगी काय म्हणती ते विचारा," ते म्हणाले.

"मला करायचं न्हाई," सुधारानी आतूनच म्हणाली.

गुरुपादय्यांनी पंचांग मिटलं, पिशवीत घातलं, आणि आजचा दिवस बरा नाही असं पुटपुटत ते उठले.

त्या दिवसापासून मल्लेश्वरीचं माहेर तुटलं. सणावाराला निरोप येईना. बाजारात नात्यातल्या बायका दुसऱ्या बाजूनं जाऊ लागल्या. सुधारानीनं पासवर्ड बदलला. पंचशीला मॅडमनी सहा चाचण्या पुन्हा खुल्या करायला अर्ज केला, पण मंजुरी येईपर्यंत शिबिराची नावं निघून गेली होती. सुधारानी त्या वर्षी कलबुर्गीला गेली नाही. चाचण्या मात्र तिनं सगळ्या दिल्या; कुठंही धरल्या जाणार नव्हत्या, तरी दिल्या.

जूनमध्ये चंद्रम्मानं कानावर घातलं. वीरेशचं ठरलं होतं. मुलगी हुमनाबादजवळच्या निर्ण्याची, मल्लेश्वरीची चुलत बहीण लक्ष्मम्मा हिची थोरली. म्हणजे तीही त्याची भाचीच. अकरावीत होती आणि तिला सतरावं सरलेलं नव्हतं.

मल्लेश्वरीनं त्या दिवशी स्वयंपाक केला, पण घास गेला नाही. आपली मुलगी आपण बाजूला काढली आणि त्या जागी दुसरीची उभी राहिली, हे तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पंचशीला मॅडमना फोन केला. मॅडमनी बालविवाह थांबवणाऱ्या कार्यालयात कळवलं आणि कॉलेजात रजा टाकून त्याही बरोबर आल्या. दोघी हुमनाबादच्या बसमध्ये बसल्या.

निर्ण्याला लक्ष्मम्मा दारातच उभी होती. तिनं दोघींना आत बोलावलं नाही. तिच्या पाठीमागं, दाराआड, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी श्वास रोखून ऐकत होती.

"तू तुझी सोडवून घेतलीस, अक्का," लक्ष्मम्मा म्हणाली. "आता माझ्या दारात कामून आलीस? येत्या बुधवारी अक्षता हाय."

मल्लेश्वरीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि ओसरीच्या पायरीवर बसली.

"मग बुधवारपर्यंत मी इथंच हाय," ती म्हणाली.