शिंप्याच्या बायकोसाठी एकमुखाने

एकमुखाने केलेली प्रार्थना देव कधीच टाळत नाही. आमच्या मंडळीला याचा दांडगा अनुभव होता, कारण चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त व्हावं म्हणून आम्ही तीन वर्षं एकमुखानेच प्रार्थना करत होतो.

या वेळी प्रार्थना शिंप्याच्या बायकोसाठी होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. रविवारी चार वाजता सगळ्यांनी मिळून गुडघे टेकायचं ठरलं.

"पाळकसाहेब, इस्पितळात भेटायची वेळ चार ते पाचच असते," शिंपी म्हणाला. "उद्या नक्की या, असं मला म्हणालीय ती."

"अहो, नवराच नसेल तर एकी कसली?"

"जा बाबा, खुशाल जा," त्याची थोरली बहीण फणकारली. "मग बरंवाईट झालं तर आमच्या नावाने खडे फोडू नकोस."

शिंपी पहिल्या रांगेत गुडघ्यांवर बसला. वडील मंडळींपैकी प्रत्येकाला मोठ्याने प्रार्थना करायची होती. एकाने तर रोगी, डॉक्टर आणि नर्स संपल्यावर इस्पितळाच्या लिफ्टसाठीही करुणा भाकली. साडेचारला शिंपी अर्धवट उठला, तेव्हा बहिणीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. दोनशे लोक रडत होते. इतकी एकी आमच्यात पूर्वी कधी दिसली नव्हती.

पाच वाजता प्रार्थना आटोपली, कारण पाळकांना एका लग्नाला जायचं होतं. शिंपी धावतच वॉर्डात पोचला.

"पावणेपाचला गेल्या," नर्स म्हणाली. "जवळ कोणी नव्हतं."