पंढरीची काजळी आणि साहेबाचा टर्की

शहाडला नदीकाठी बायजाकडे पाच टर्की होते. एक नर, चार माद्या. लढाई संपून कल्याणची छावणी उठली तेव्हा गोरा साहेब ते तिच्या नवऱ्याच्या हवाली करून बोटीत बसलेला. पुढे नवरा गेला, पक्षी राहिले. आता दीर गोविंदाने नाताळासाठी मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला ते विकायचा शब्द दिला होता. बायजाने भांडून एवढंच कबूल करून घेतलं, की ठाण्याचे गुरांचे डॉक्टर अस्सल जात म्हणाले तर पक्षी राहतील, सरकारी केंद्र अंडी घेईल. मिश्र निघाले, तर सुरी.

"पंढरीदादा, कायतरी कर रं!"

पंढरी बैलांचा दलाल. म्हातारा बैल तरणा करून विकावा तर त्यानेच. त्याने लांबूनच नर बघितला. मळकट, कुठे तांबूस, कुठे पट्टे.

"जातिवंत जनावर एकरंगी असतं, बायजा. तू गप बघ."

डॉक्टर यायच्या सकाळी त्याने नराच्या डोक्यावर फडकं टाकलं, खोबरेलात चुलीची काजळी कालवली आणि मानेपासून शेपटापर्यंत चोपडली. वर मिशीत हसला.

डॉक्टर प्रभाकरराव कुंपणापाशीच थांबले. चष्मा पुसला.

"माद्यांच्या छातीवर पांढरी किनार आहे. नर मात्र ठार काळा. बाई, ही मिसळ दिसते."

बायजा मटकन खाली बसली. गोविंदाने टोपली उचलली. पंढरी मनात म्हणाला, आपल्या हातानेच मारले की रे पाचही!

तेवढ्यात अनोळखी माणूस बघून नर चिडला. गुडगुड करत फुगला, दुप्पट झाला. पंख जमिनीला घासले, शेपटाचा पंखा उभा राहिला. आणि त्याचं तोंड बदलायला लागलं. लाल होतं ते निळं झालं. टाळू पांढरीफटक पडली. चोचीवरची सोंड लांबत लांबत खाली लोंबली. पंढरीने जन्मात असलं बघितलं नव्हतं. तो दोन पावलं मागे सरला.

"डॉक्टरसाहेब, आईशप्पथ! तोंड मी नाय रंगवलं!"

डॉक्टर सावकाश वळले. "मग काय रंगवलंत?"

पंढरीने काळे हात मागे लपवले. गोविंदा खो खो हसला. बायजा मात्र उठली, रिठ्याचं पाणी घेऊन आली आणि नराला कवेत धरून चोळू लागली.

काळं पाणी वाहून गेलं. ऊन पिसांवर पडलं आणि तिघं पुरुष पुढे सरकले. तांब्याची नवी कळशी उन्हात धरावी तशी ती छाती पेटली. पक्षी हलला की तांबं हिरवं व्हायचं, हिरव्याचं जांभळं. डॉक्टरांनी पंख अलगद उलगडला. काळा पट्टा, पांढरा पट्टा, टोकापर्यंत. शेपटाला शेवटी पांढरी कड.

"ब्रॉन्झ," ते हळूच म्हणाले. "जुनी जात. आजवर फक्त चित्रात पाहिली होती. एकरंगी दिसला म्हणूनच मला शंका आली."

"म्हंजे ठेवायची?" बायजाने विचारलं.

"ठेवायची. अंडी आमच्या केंद्राला द्या. पक्ष्यांना हात लावू देऊ नका कुणाला." त्यांनी पंढरीकडे बघितलं. "यांना तर मुळीच नको."

गोविंदाने टोपली आपणहून खाली ठेवली.

नर परत फुगला. पंढरी कुंपणाशी उकिडवा बसला. गोविंदाने त्याला चार वेळा डिवचलं, पण तो त्या रंगांवरून नजर काढेना. असला पंढरी शहाडात आजवर कुणी बघितला नव्हता.