वळणाखालचं वावर

आशाबाईनं पहार उचलली आणि डांबरात घातली. ठण्ण! हाताला झिणझिण्या आल्या.

"ए आशाबाई! सरकारी रस्ता फोडून राह्यली तू!" किसनराव पलीकडून ओरडला.

"तुमी सरकारी रस्त्यावर सोयाबीन उनात वायवून राह्यले, ते?"

"मी फोडत नाई ना!"

"मंग मी बी फोडत नाई. खंदून राह्यलो. माह्यं वावर."

उत्तमराव, तिचा नवरा, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उकिडवा बसला होता. "अवं, सायेब म्हनला, जागा सरकारचीच राह्यन."

"सायेब किसनरावले काऊन नाई म्हनत?"



*

रस्ता.

आधी गाडवाट. जानेफळच्या बाजाराला सरळ जायची.

बहात्तरच्या दुष्काळात तिची सडक झाली. सरळ गेली असती तर किसनरावच्या बापाची अमराई जात होती. बाप सरपंच. सडक अमराईपाशी आली, दबकली, वळली आणि आशाबाईच्या सासऱ्याच्या वावरात घुसली. त्या वळणाची खडी सासऱ्यानंच फोडली. त्या साली दुसरं काम नव्हतं.

मग डांबर. मग राज्य मार्गाची पाटी.

औंदा रुंदीकरण. सडक सरळ झाली, अमराई कापली. नवा रस्ता पुरुषभर उंच उठला आणि जुनं वळण खाली पडून राहिलं. त्याचं एक तोंड भरावानं बुजलं. दुसरं उघडं, आशाबाईच्या धुऱ्यापाशी.

अमराईचा राग किसनरावनं त्या वळणावर काढला. अख्खं सोयाबीन तिथंच पसरलं.

*

आशाबाई आडवी खंदत होती. वळणाच्या उघड्या तोंडावर, या काठापासून त्या काठापर्यंत. डांबराचे पापुद्रे निघाले. खाली खडी.

"हे मामंजीच्या हातची," ती म्हणाली.

उत्तमरावनं एक खडा उचलला. उलटापालटा केला. मग उठला, तिच्या हातातली पहार घेतली आणि खडीत घातली.

"घाला घाला!" किसनराव हसला. "खाली दगडासारखी माती हाये. तिथं काय पिकन, बे? घंटा!"

दुपारपर्यंत मांडीएवढी खोल नाली पडली. खडीखाली काळी माती लागली, दाबून दाबून ढेकूळ झालेली. आशाबाईनं नाकाशी धरली. वास नव्हता.

*

उंद्री गावाकडून आभाळ चढलं. काळं, खालून पिवळं. वारा थांबला.

किसनरावचा ट्रॅक्टर धावत आला आणि नालीपाशी अडला. दुसऱ्या तोंडानं उतरावा म्हटलं तर भराव. पुढं नाली. मधी सोयाबीन.

"बुजव ते!"

"सरकारले सांगा."

"अवं, पानी येऊन राह्यलं!"

"येऊ द्या. सरकारी रस्त्यावर पडन."

"उत्तम, बायकोले आवर!"

उत्तमराव पहारीवर रेलून उभा. "ते माह्यं आयकत नाई, किसनराव. मी आता तिचं आयकतो."

वीज कडाडली. किसनरावनं पोती भरणाऱ्या मजुरांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. ट्रॅक्टरवरून उतरला. आवाज खाली आला.

"पोते डोक्यावर काढतो. धुऱ्यानं जाऊ दे."

"कोनाच्या धुऱ्यानं?"

"तुह्या."

"अन् हे मधचं, वळणाखालचं, कोनाचं?"

मजूर ऐकत होते. किसनरावचे दात आवळलेले.

"तुह्या सासऱ्याचं व्हतं."

"व्हतं?"

पहिला टपोरा थेंब सोयाबीनवर वाजला.

"हाये. हाये, बाप्पा! जाऊ दे आता!"

आशाबाई बाजूला सरली. मजूर पोती घेऊन धावले. किसनरावनं नालीत पाय टाकला, तशी ती आडवी आली.

"जोडे काढा," ती म्हणाली. "वावर हाये."

पाऊस सुरू झाला होता. किसनराव वाकला आणि लेस सोडू लागला.